वाईत दोन दिवस: घाट, वाडे, लेणी आणि चर्चमधून आलेली एक घंटा

वाई बहुतेकांनी गाडीच्या काचेतूनच पाहिलेली असते. महाबळेश्वरला जाताना ढोल्या गणपतीला हात जोडायचे, नारळ फोडायचा, एक फोटो काढायचा आणि पसरणीचा घाट गाठायचा. सगळं मिळून वीस मिनिटं. माझी मावशी मधल्या आळीत राहायची. पाहुण्यानं पिशवी खाली ठेवली की ती पाण्याचा तांब्या पुढे करत विचारायची, "बाई बघून आलास का?" पहिल्यांदा मला वाटलं शेजारची कुणी बाई. वाईकरांची बाई म्हणजे कृष्णाबाई, नदी. नदी न बघता घरात शिरलेला पाहुणा तिच्या लेखी अर्धाच आलेला असायचा.

हा बेत त्या प्रश्नाला धरूनच आखलाय. नदीपासून सुरुवात करायची, पायी फिरायचं आणि मग प्रवाहाच्या उलट दिशेनं मेणवली, भोगाव, धोम असं वर सरकायचं. दोन दिवस पुरतात. एकच दिवस असेल तर काय गाळायचं, ते शेवटी सांगतो.

कधी यायचं, कसं यायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात चारी बाजूंचे डोंगर हिरवेगार असतात, पण घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि धोम धरणातून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या दिसतच नाहीत. एप्रिल-मे टाळा, कारण देवळांच्या आवारात अनवाणी चालायचं असतं. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी बाराला गेलो होतो. दर्शन झालं, पण ते उड्या मारत.

शक्य असेल तर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान या. तेव्हा कृष्णाबाईचा उत्सव असतो. वाईला सात घाट आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. उत्सव या घाटांवर पाळीपाळीनं होतो. त्या-त्या आळीनं मांडव घालायचा, कृष्णाबाईला आणून बसवायचं, कीर्तनं, भजनं, प्रसादाच्या पंगती, आणि तिथला उत्सव झाला की पुढच्या घाटाची तयारी. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईत सांगतात.

पुण्याहून वाई साधारण नव्वद किलोमीटर. खंबाटकी ओलांडली की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, तिथून दहा-बारा किलोमीटर. स्वारगेटहून वाईच्या एसट्या आहेतच, शिवाय महाबळेश्वरच्या बऱ्याच गाड्या वाईवरून जातात. साताऱ्याहून पस्तीस किलोमीटर. रेल्वेनं येणाऱ्यांनी सातारा किंवा वाठार स्टेशनला उतरावं, पण पुढे बस करावीच लागते, त्यामुळे एसटीच सोयीची. शनिवार-रविवारी सकाळी दहानंतर महाबळेश्वरच्या गाड्यांनी गाव तुंबतं. स्वतःची गाडी असेल तर शुक्रवारी रात्रीच पोचा, ती मुक्कामाच्या ठिकाणी लावून टाका आणि पहिल्या दिवशी दुपारपर्यंत विसरून जा. आळ्या अरुंद आहेत, चारचाकी आत घातली तर तुमचाही जीव जातो आणि समोरच्याचाही.

पहिला दिवस, सकाळ: गणपती घाट

साडेसहाला घाटावर हजर राहा. या वेळी पाण्यावर धुकं असतं, भाविकांच्या रांगा नसतात, आणि पायऱ्या ऐन थंडीत अंगात शिरशिरी आणण्याइतक्या गार असतात. काढता-घालता येणारी चप्पल हवी, बुटांच्या नाड्या सोडण्यात सकाळ जाते.

आधी गणपतीच्या दर्शनाला जाऊ नका. देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला या आणि भिंत बघा. ही भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. देऊळ अगदी नदीच्या काठावर. पुराचं पाणी सपाट भिंतीवर आदळलं असतं तर सगळा जोर तिनंच सोसला असता. निमुळत्या पाठीवर तेच पाणी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं, म्हणजे पानिपतानंतरच्या वर्षी. तेव्हापासून मोठ्या पुरात पाणी गाभाऱ्यापर्यंत आलंय आणि ओसरलंय, देऊळ मात्र जागचं हललेलं नाही. त्या दगडावर हात ठेवून पाण्याकडे बघत दोन मिनिटं उभे राहा, मग पुढून आत जा. आतली मूर्ती एकाच दगडातली, सुमारे दहा फूट उंचीची आणि तशीच ऐसपैस. 'ढोल्या' हे नाव कुणी लाडानं ठेवलं असेल ते सार्थ आहे.

शेजारचं काशी विश्वेश्वराचं देऊळ आनंदराव भिकाजी रास्त्यांचं, १७५७ चं, म्हणजे गणपतीच्या आधीचं. बरेच लोक इकडे फिरकतच नाहीत. आवारात दीपमाळा आहेत, आणि मंडपातला नंदी तर चुकवूच नका. काळ्या तकतकीत दगडाचा, गळ्यातल्या माळा आणि घंटा इतक्या बारकाईनं कोरलेल्या की घंटेची लोळी हलेल असं वाटतं. मोबाइलचा दिवा तिरपा धरून पाहिलं तर कोरीवकाम उठून दिसतं. समोरून धरलेल्या दिव्यात नुसती चकाकी दिसते.

रास्ते कोण, हे ठाऊक असेल तर वाईतल्या देवळांची संगती लागते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, म्हणजे विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव यांच्या आई गोपिकाबाई या रास्त्यांच्या घरातल्या. पेशव्यांची ही सोयरीक, त्यात सरदारकी, आणि दाराशी कृष्णा. हाती आलेला पैसा रास्त्यांनी वाईत घाट-देवळांत घातला. बाजारपेठेच्या अंगाला विष्णू आणि महालक्ष्मी यांची देवळं आहेत, तीही १७७० च्या दशकातली आणि रास्त्यांचीच. तिकडे उभ्या उभ्या डोकावलं तरी चालेल.

आळी-आळीनं गंगापुरीपर्यंत

साडेआठच्या सुमाराला पोटपूजा उरका आणि काठाकाठानं मधल्या आळीवरून गंगापुरीकडे चालू लागा. जिथे काठावरून वाट नाही तिथे बोळातून वर यायचं आणि पुढच्या बोळातून पुन्हा खाली उतरायचं. हे खाली-वर करणं हीच वाई. प्रत्येक आळीचा उतार नदीवर जाऊन संपतो. जुन्या घरांचे कडीपाट, दगडी जोती, दाराच्या दोन्ही बाजूंचे कोनाडे अजून शिल्लक आहेत, पण दर खेपेला दोन-चार कमी झालेले दिसतात. फोटो काढताना लक्षात ठेवा की ओसरीवर बसलेल्या आजी हा देखावा नाही. "काढू का हो फोटो, आजी?" एवढं विचारलं की बहुधा होकार मिळतो, वर चहाही.

वाईला 'दक्षिण काशी' म्हणतात ते नुसत्या देवळांमुळे नाही, इथल्या विद्येमुळेही. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. मुंबई-पुणे सोडून मराठीतला सर्वांत मोठा ज्ञानकोश या नदीकाठच्या गावात का तयार झाला, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले म्हणून. केवलानंद सरस्वतींनी उभ्या केलेल्या इथल्या प्राज्ञपाठशाळेत ते शिकले, पुढे विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक झाले आणि काम वाईतच आणलं. १९५५ मध्ये मराठीसाठीचा पहिला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनाच मिळाला होता. हे सरकारी कार्यालय आहे, पर्यटनस्थळ नाही, म्हणून बाहेरूनच बघा. शाळेत असताना निबंधासाठी ज्यांनी ते जाडजूड खंड उचललेत त्यांना मात्र फाटकापाशी थोडं थांबावंसं वाटेल.

पोहण्याबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो. 'रामडोह', 'भीमकुंड' ही नावं उगाच पडलेली नाहीत. डोह म्हणजे खोल पाणी. वरून नदी संथ दिसते, पण पायरी संपते तिथे तळ कुठे आहे ते कळत नाही. गावातली पोरं सूर मारतात म्हणून आपण मारू नये. पाय बुडवून बसा, तेवढं पुष्कळ झालं.

पहिला दिवस, दुपार: मेणवली

जेवण आणि थोडी वामकुक्षी झाली की तीनच्या सुमारास मेणवलीला निघा. अंतर तीन किलोमीटर, रिक्षा मिळते. परतीसाठी रिक्षावाल्याशी आधीच ठरवून घ्या. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा की वाडा उघडा आहे ना. इथे हिंदी-मराठी सिनेमांचं आणि मालिकांचं चित्रीकरण सतत चालू असतं, आणि ते असलं की आत सोडत नाहीत. मी एकदा असाच परत फिरलोय. घाटावर खोटी पोलीस चौकी उभी होती आणि खरा पोलीस तिच्यासमोर गर्दी हटवत होता.

वाडा नाना फडणवीसांचा. बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२, मृत्यू १८००. पेशवाईच्या शेवटच्या पर्वातलं सगळं कारस्थान आणि हिशेब ज्या डोक्यातून चालले तो माणूस. नानांच्या पश्चात त्यांच्या पत्नी जिऊबाई इथेच राहत. नानांचे कागद इतिहासाच्या अभ्यासकांना 'मेणवली दफ्तर' या नावानं ठाऊक आहेत. वाडा चौकामागून चौक असा आहे आणि अजूनही वंशजांकडेच आहे, तेव्हा तिकीट काढलं म्हणून दिसेल त्या खोलीत शिरू नये.

आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग भिंतींवरची चित्रं दिसू लागतात. देवादिकांचे प्रसंग, वेलबुट्टी, गेरूचा लाल अजून तजेलदार. काही ठिकाणी रंग पोपडे धरून सुटलाय, भिंतीला टेकू नका. वरच्या मजल्याच्या सागवानी तुळया आणि खांब बघा. पाऊल टाकलं की तक्तपोशी कुरकुरते.

वाड्याच्या मागच्या दारानं बाहेर पडलात की एकदम घाट समोर येतो. अर्धचंद्राकार, रुंद पायऱ्यांचा, दोन देवळांचा: मेणेश्वर महादेवाचं आणि विष्णूचं. वाईतल्या घाटांना जी गजबज आहे ती इथे नाही. देवळांजवळ एका छोट्याशा दगडी घुमटीत एक घंटा टांगलेली आहे, आणि मेणवलीला येण्याचं माझ्या मते तेच मुख्य कारण.

घंटा नीट बघायची तर जवळ जाऊन मान वर करावी लागते. अंगावर एका स्त्रीची उठावातली आकृती दिसते, कडेवर मूल. पहिल्या नजरेला देवी वाटते. ती मेरी आहे, आणि कडेवरचं बाळ येशू. घंटेवर १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची घंटा त्यातल्याच. मेणवलीची ही घंटा अडीचशे-पावणेतीनशे वर्षं महादेवाच्या सेवेत आहे, आणि मेरी आपली बाळाला घेऊन कृष्णेकडे बघत उभी. लोक घुमटीकडे पाठ करून सेल्फी काढतात आणि निघून जातात. तुम्ही तसं करू नका.

सूर्यास्ताला इथेच बसा. समोरचा डोंगर काळा होत जातो. मग परत.

दुसरा दिवस: भोगाव, धोम

आज गाडी लागेल. धोमच्या वाटेवर मेणवलीच्या पुढे भोगाव लागतं. इथे नदीकाठी कवी वामन पंडितांची म्हणून ओळखली जाणारी समाधी आहे. 'सुश्लोक वामनाचा' हे शाळेत घोकलेलं आठवत असेल तर पाच मिनिटं उतरा, नसेल आठवत तरी नदीसाठी उतरा.

धोम वाईपासून आठ-नऊ किलोमीटरवर. बहुतेकजण धरणाच्या भिंतीवर जाऊन परततात. धरण सत्तरच्या दशकातलं, जलाशय सुंदरच आहे, पण बघण्यासारखं खरं गावात आहे. धौम्य ऋषींवरून गावाचं नाव पडलं म्हणतात. महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे. कुंडात एक भलंमोठं दगडी कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन पोहतंय असं वाटतं. कोरडं असेल तर कासवाची नखं आणि मान जवळून बघता येते. कुठलंही चांगलं. कडेला ओणवं होऊन कासवाच्या डोळ्यांच्या पातळीवर या, तिथून नंदी सगळ्यांत डौलदार दिसतो.

बाजूलाच उंच चौथऱ्यावर नृसिंहाचं देऊळ. इथे दोन नृसिंह आहेत, एकाचं तोंड पूर्वेला आणि दुसऱ्याचं पश्चिमेला. एक उग्र, एक लक्ष्मीसह शांत. एकाचं दर्शन घेऊन परत फिरणारे पुष्कळ दिसतात, म्हणून सांगितलं.

लोहारे किंवा लिंब: दोन्हींपैकी एक निवडा

धोमहून अकरापर्यंत मोकळे व्हाल. इथून पुढे दोन वाटा, आणि एका दिवसात दोन्ही करायचा हट्ट धरू नका.

वाईच्या उत्तरेला सात-आठ किलोमीटरवर लोहारे गावाजवळ बौद्ध लेणी आहेत. लोक पांडवलेणी म्हणतात. थोडं चढून जावं लागतं, वाटेत पाणी मिळत नाही. लेणी साधी आहेत, अजिंठ्यासारखं काही मनात धरून जाऊ नका. आतला स्तूप पुढे शिवलिंग म्हणून पुजला जाऊ लागला, पाळपेश्वर नावानं. कालची मेरी डोक्यात असेल तर इथे आणखी मजा येते. पौषात मात्र याच भागात मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते, रस्ते भरून वाहतात, तेव्हा हा बेत रद्द करा.

दुसरी वाट साताऱ्याकडची. ज्यांना पुढे साताऱ्याला किंवा कोल्हापूरला जायचंय त्यांनी हीच धरावी. वाई-पाचवड रस्त्यानं हमरस्त्याला लागा आणि लिंब फाट्यावरून आत वळा. लिंबची बारा मोटेची विहीर शेतात आहे, अगदी काठाशी येईपर्यंत दिसत नाही. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाईंनी ती आमराईसाठी बांधली. प्रवेशापाशी शिलालेख आहे. पायऱ्या उतरून दारातून आत गेलात की विहिरीच्या पोटातच महाल लागतो, कोरीव खांबांचा, पाण्यावर झुकलेला. मग वर येऊन मोटांच्या जागा मोजा. एकाच वेळी बारा मोटा चालल्या तर केवढा गलका होत असेल! वरून विहिरीचा आकार शिवलिंगासारखा दिसतो. कठडे ठेंगणे आहेत, लहान मुलांचा हात धरा.

आणखी वेळ असेल तर

गडप्रेमींना वाईच्या भोवती पांडवगड, वैराटगड, केंजळगड, कमळगड असे चहूबाजूंनी गड आहेत. एकच निवडायचा तर मी कमळगड म्हणेन. वर कातळातली कावेची विहीर आहे, अरुंद चिरेतून पायऱ्या उतरत खाली जायचं, भिंती गेरूनं लालभडक आणि तळाशी गारवा. पण त्याला पूर्ण दिवस आणि वाटाड्या हवा, घाटांच्या बेतात तो कोंबू नका.

इतिहासाची ओढ असेल तर प्रतापगड रस्त्यानं पन्नास-पंचावन्न किलोमीटर. अफझलखान वाईचा सुभेदार होता, १६५९ मध्ये विजापूरहून येऊन त्यानं तळ दिला तो वाईलाच. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर इथून गेला, शिवाजी महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ इथे आले. म्हणून गड बघून मग वाईला येण्यापेक्षा वाईहून गडाकडे जाणं जास्त उलगडतं: पसरणीचा घाट चढताना ती जावळीची अडचण अंगाला कळते. घाटाच्या पायथ्याचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव.

रंगपंचमीला वाईत असाल तर बावधनचं बगाड बघा. गाव पाच-सहा किलोमीटरवर. नवसाचा मान मिळालेला बगाड्या उंच लाकडी शिडाला टांगलेला आणि तो अवाढव्य दगडी चाकांचा गाडा ओढणाऱ्या बैलांच्या जोड्या, कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत शेतांतून. गर्दी प्रचंड असते. गाडी वाईतच ठेवा, पाणी बरोबर घ्या, आणि गाड्याच्या वाटेत अजिबात उभे राहू नका.

आणि एकच दिवस असेल तर? सकाळी गणपती घाट ते गंगापुरी, दुपारी मेणवली. धोम गाळलंत तर कासवाची हुरहुर राहील, पण घाई करून तिन्ही बघण्यापेक्षा ते बरं. हिवाळ्यात परतताना पाचगणीकडची स्ट्रॉबेरी वाईच्या बाजारात मिळते. खोक्यात वरची फळं टपोरी आणि खालची बारीक निघतात, म्हणून खोकं उघडून खालची रांग बघूनच पैसे द्या.